खिडकीखालची जागा

१

इचोड्याच्या मोठ्या सडकेला डॉक्टर सुधाकररावांचा दवाखाना होता आणि त्याच्या बाहेरच्या खोलीत सागाची चार लांब बाकं होती. आतल्या खुर्चीवर डॉक्टरांसाठी रोज धुतलेला टॉवेल अंथरला जाई. बाहेरच्या बाकांसाठी कधी कोणी एक चिंधीसुद्धा आणली नाही. ती बाकं जी काही बसण्याजोगी राहिली, ती मनकर्णेच्या दोन हातांमुळे.

सरकारी दवाखान्यात डॉक्टर सापडणं दुर्मीळ, तेव्हा आजूबाजूच्या गावांतला आजारी माणूस इथेच येई आणि येऊन बसे. तासन्‌तास बसे. कोणाला बसल्या जागी ओकारी होई, एखादं लेकरू मुतून ठेवी, जखमेचा पू फळीला पुसला जाई. दुपारी डॉक्टर जेवायला घरी गेले की मनकर्णा दार लोटून घेई. सोड्याचं गरम पाणी, नारळाची शेंडी आणि मागून मागून मिळालेलं फिनेल. नवी बाटली मागितली की डॉक्टर पेशंटांसमोर म्हणत, "बाई, धुता की पिता?" लोक हसत. लोकांनाही डॉक्टरांची मर्जी हवी असे. आणि याच डॉक्टरांनी भिंतीवर पाटी टांगली होती: स्वच्छता हेच आरोग्य.

खिडकीखालचं बाक ती सगळ्यांत शेवटी धुवी. तीन उन्हाळ्यांपूर्वी तिचा नवरा डोमाजी ताप आणि खोकला घेऊन त्याच बाकाच्या टोकाला बसला होता. सकाळपासून बसला होता. त्याचा नंबर येण्याच्या बेतात असताना कोण्या पुढाऱ्याकडून जेवणाचं बोलावणं आलं आणि डॉक्टर गाडीत बसून निघून गेले. संध्याकाळी कंपाउंडर चंपतरावांनी उरलेल्यांना सांगितलं, "उद्या या." डोमाजी उद्याची वाट बघत थांबला नाही. बेल्लमपल्लीकडे एका ठेकेदाराकडे लाकडं उचलायचं काम लागलं होतं. "तिकडंच दाखवतो कोण्या डॉक्टराले," म्हणत तो मनकर्णेच्या डोळ्यांदेखत बसमध्ये चढला. त्यानंतर तो कोणाला दिसला नाही. ठेकेदाराचा माणूस एकदा म्हणाला, आला होता. दुसऱ्यांदा म्हणाला, असा कोणी आलाच नव्हता. गरीब माणूस हरवला की त्याची चौकशी करणारं खातं कुठल्याच सरकारजवळ नसतं.

मनकर्णेने गाव सोडलं, तेलाच्या घाण्यामागे एक खोली घेतली आणि हे काम धरलं. का, ते तिने कोणाला सांगितलं नाही. जिथे माणूस शेवटचा निवांत बसलेला पाहिला, ती जागा रोज हाताखालून जावी, एवढंच तिला हवं होतं. दुपारच्या त्या बंद खोलीत ती, बाकं आणि बाहेर सडकेवरून जाणारे नागपूरचे ट्रक. दुसरं कोणी नाही. घरी गेल्यावरही दुसरं कोणी नाही.

२

त्या वर्षी ढेकणांनी उच्छाद मांडला. गरिबांना चावत होते तोवर ढेकूण होते की नव्हते, याची डॉक्टरांना फिकीर नव्हती. पण मंडल ऑफिसातल्या साहेबांची बायको अर्धा तास बाकावर बसली आणि मानेवर चाव्यांच्या गांधी घेऊन आत गेली. संध्याकाळी डॉक्टरांनी पांढऱ्या भुकटीचा डबा मनकर्णेसमोर ठेवला.

"डीडीटी आहे. रविवारी दवाखाना बंद. दुपारून सगळ्या बाकांवर भुरभुर, सोमवारी सकाळी पुसून काढ. एक जरी ढेकूण दिसला तर दुसरी बाई बघीन."

त्याच आठवड्यात तिचा दीर भगवानराव गावाहून आला. बाहेरच्या पायरीवर बसला, टोपी गुडघ्यावर ठेवली.

"वैनी, पोरीचं जमलं. बेला गावाकडचा पोरगा हाय."

"लय चांगलं झालं, भाऊजी."

"चांगलं झालं, पन ते लोक इचारून राह्यले. म्हनतात, घरात मयताचं काही राह्यलं असन तं आधी उरकून घ्या. मंग तारीक काढू."

"मयत कोन झालं?"

भगवानरावाने गुडघ्यावरची टोपी उचलून हातात घेतली. तो वाईट माणूस नव्हता. भावासाठी दोनदा बेल्लमपल्लीला जाऊन आला होता. "तेरवी करून टाकू," तो म्हणाला. "बाम्हन सांगते तसा दर्भाचा पुतळा करू, जाळू. रातच्याले पीठ ठेवू, दिवा ठेवू, टोपलं झाकू. सकाळी जे उमटन ते उमटन. तुमच्याबी जिवाले निवांत."

इकडे ही रीत आहे. माणूस गेला की परातीत पीठ सारखं करायचं, जवळ दिवा लावायचा, वर टोपलं झाकायचं. सकाळी टोपलं उचलून बघायचं. चिमणीची पावलं दिसली तर तो चिमणी झाला, गाईचा खूर दिसला तर गाय झाला. बायका रडता रडता वाकून बघतात आणि ज्याला त्याला हवं ते दिसतं.

"जित्त्या मानसाचं पीठ नाई ठेवत, भाऊजी," मनकर्णा म्हणाली. तिच्या हातात हिरव्या बांगड्या होत्या आणि कपाळावर कुंकू. "पोरीचं लगन करा. म्या आडवी नाई येत. पन हे नाई."

"पोळ्यापर्यंत थांबतो म्हनले ते लोक," भगवानराव उठत म्हणाला. "त्याच्या पुढं मायाबी इलाज नाई."

३

रविवारी दुपारी ती एकटीच गेली. भुकटी जुन्या लुगड्याच्या फडक्यातून गाळली, म्हणजे सारखी बसते. चारही बाकं पांढरी झाली. पण खिडकीची एक काच कधीची फुटली होती. ती बसवायला डॉक्टरांना सवड नव्हती आणि त्या तोंडातून उन्हाळी वारा थेट खिडकीखालच्या बाकावर येत होता. भुकटी बसायची आणि उडायची. अर्धी फरशीवर पडली. टोकाच्या त्या जागेवर ती टिकेना, तेव्हा मनकर्णेने कचऱ्याचं नवं वेळूचं टोपलं आणलं आणि तिथे उपडं घातलं. खाली भुकटी पुन्हा गाळून सारखी केली होती.

कोनाड्यात देवाची तसबीर होती. डॉक्टरांच्या आईने सांगून ठेवलं होतं की रविवारीही दिवा चुकवायचा नाही. ती आल्यापासून वाऱ्याने तो दोनदा विझला होता. निघताना मनकर्णेने दिवा लावला, इकडे तिकडे पाहिलं आणि टोपल्याच्या आडोशाला, बाकावरच ठेवला. तिथे ज्योत स्थिर राहिली. पुरेसं तेल घातलं आणि कुलूप लावलं.

घरी येऊन भाकरी मोडली. पहिला घास तोंडात गेला आणि हात थांबला.

पांढरं पसरलेलं. दिवा. वर टोपलं.

तिने स्वतःला समजावलं. ते ढेकणाचं औषध होतं, पीठ नव्हतं. टोपलं वाऱ्यासाठी होतं. ब्राह्मण नव्हता, मंत्र नव्हता, मनात तसं काही नव्हतं. मनात नसताना हात एखादी गोष्ट करतात, ती धरायची नसते. एवढं सगळं खरं होतं. तरी भाकरी तशीच राहिली. जाऊन टोपलं उचलावं असं वाटलं. पण रात्री उचललेलं टोपलं आणखी वाईट, असं लहानपणी ऐकलेलं होतं.

४

सोमवारी ती उजाडताच गेली. दिव्यातलं तेल संपून वात काळी झाली होती. तीन बाकांवर ढेकूण मरून पडले होते आणि भुकटीवर एका पालीची वाकडी रेघ होती. ठीक होतं. औषधाने काम केलं होतं.

चौथ्या बाकावर टोपलं ठेवलं तिथेच होतं. कलंडलं नव्हतं, सरकलं नव्हतं. तिने दोन्ही हातांनी उचललं.

चिमणीची पावलं नव्हती. खूर नव्हता. भुकटी दाबली गेली होती. दोन मांड्यांची रुंद, गुळगुळीत खूण. धोतराच्या जाड सुताची वीणसुद्धा उमटलेली. ती टोपल्याच्या कडेला थांबली नव्हती, टोपल्याच्या बाहेरही दोन्हीकडे गेली होती. उजव्या अंगाला फळीची कड धरलेल्या हाताची चार बोटं. खोकल्याची उबळ आली की माणूस अशी कड धरतो.

तिने खाली पाहिलं. फरशीवर उडालेल्या भुकटीत तिच्याच चपलांचे ठसे दारापासून बाकापर्यंत आणि बाकापासून दारापर्यंत होते. बाकासमोर दोन अनवाणी पावलं होती, शेजारी शेजारी टेकलेली. त्यांच्याकडे येणारं पाऊल नव्हतं. त्यांच्यापासून जाणारंही नव्हतं.

पिठात पाऊल दिसतं ते पुढच्या जन्माचं म्हणतात. बसल्याची खूण कोणत्या जन्माची म्हणायची?

मनकर्णेने ओलं फडकं घेतलं आणि सगळं पुसून टाकलं. आधी फरशी, मग फळी. फळीवर हात फिरताना तिथे ऊब लागली. सकाळचं ऊन त्या खिडकीतून येत नाही, हे तिला माहीत होतं. तिने तो विचारही पुसून टाकला.

५

दहाच्या सुमाराला खोली भरली. बाकं गच्च, दोन बायका खाली फरशीवर, एक म्हातारा दाराला टेकून. खिडकीखालच्या टोकाला एका माणसाची जागा मोकळी होती. कोणी तिकडे बघतही नव्हतं. मनकर्णेने एका बाईला म्हटलं, "तथी जागा हाय, बसा ना." बाई म्हणाली, "राहू द्या, म्या इथंच बरी," आणि पुढे का ते तिलाही सांगता आलं नाही.

मग म्हातारी प्रयागबाई आली. गुडघ्याने बेजार आणि दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. चाचपडत ती खिडकीपाशी गेली.

"सरक ना बापा थोडा," ती म्हणाली. "अख्खं बाक का तुह्या बापानं देल्लं?"

आसपासचे हसले. प्रयागबाई काठी टेकून उभी राहिली.

"नाई सरकत," ती मनकर्णेकडे तोंड करून म्हणाली. "ह्याले सांग व माय. म्हाताऱ्या मानसाची काही लाज असते का नाई."

"कोनाले, आजी? तथी कोनी नाई."

प्रयागबाईने मान वाकडी करून त्या जागेकडे बराच वेळ पाहिलं. मग तिचा आवाज खाली आला. "असन. असन बाई. मले कुठं दिसते." आणि त्या दुखऱ्या गुडघ्यांनी ती नंबर येईपर्यंत उभीच राहिली.

त्या दिवसापासून दुपारचं काम बदललं. बाक धुताना सोड्याचं पाणी सगळ्या फळीभर पसरे, पण टोकाला आल्यावर दोन बाजूंनी वाट काढून खाली गळे. मधली जागा कोरडी राही. मनकर्णा म्हणे, लाकूड तिथे फुगलं असेल. मागच्या पडवीत फडकी पिळायला गेली की बाहेरच्या खोलीत खोकला ऐकू येई. दाबलेला, दुसऱ्याला त्रास होऊ नये म्हणून दाबलेला. ती म्हणे, सडकेवरचा असेल. ट्रकवाले खोकत नाहीत का? ती परत येई तेव्हा खोली रिकामी असे.

भीती तिला होती. पण भीतीपेक्षा वाईट गोष्ट दुसरी होती. काही दिवसांनी तिला दुपारची वाट बघावीशी वाटू लागली. तीन वर्षांत पहिल्यांदा ती कोणाशी तरी बोलत होती. बाक पुसता पुसता ती हळू आवाजात सांगे, तुरीची डाळ कशी महाग झाली, भगवानरावांची पोरगी किती उंच झाली. उत्तर येत नसे. खोकला येई, आणि तो रोज जास्त खोलातून येई.

६

पोळा जवळ आला तेव्हा खोकल्यात घरघर मिसळली. मनकर्णेला ती ऐकवेना. जो माणूस वाट बघत बसला होता, तो तिची वाट बघत नव्हता. एवढं तिला आता कळलं होतं. त्याचा नंबर राहिला होता.

चंपतराव औषधाच्या खिडकीत पुड्या बांधत होते. तिने जाऊन विचारलं, "चंपतराव, एक नाव पुकारता का?"

"कोनाचं?"

तिने पदर सारखा केला. इकडच्या बायका नवऱ्याचं नाव तोंडाने घेत नाहीत. लग्नात उखाण्यातून घेतलं तेवढंच. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, हे तिला तिच्या आईने सांगितलं होतं आणि पोलीस ठाण्यातसुद्धा नाव भगवानरावांनीच सांगितलं होतं. "घरच्याईचं," ती म्हणाली.

चंपतरावांच्या हातातली पुडी सुटली. गोळ्या काउंटरवर सांडल्या. "काऊन असं बोलून राह्यल्या, मनकर्णाबाई? ते काय इथं हायत?"

"तुमाले माहीत हाय."

ते गोळ्या गोळा करू लागले. "मी बी ऐकतो," ते खाली बघत म्हणाले. "पह्यले वाटलं मायाच छातीत वाजून राह्यलं. मीच त्याईले उद्या या म्हनलं होतं. मले डॉक्टरनं सांगितलं, मी त्याईले सांगितलं. पन नाव मायाच्यानं नाई होत. तुमी समजून घ्या. पुकारलं अन्‌ उठलं कोनी, तं मंग?"

तं मंग. सगळा प्रश्न तेवढाच होता. नाव पुकारलं आणि काहीच हललं नाही, तर डोमाजी कुठेतरी जिवंत असू शकत होता आणि मनकर्णा आपल्या बांगड्यांसकट घरी जाऊ शकत होती. नाव पुकारलं आणि कोणी उठलं, तर तो तीन वर्षांपूर्वीच संपला होता. न पुकारता ही जागा अशीच उबदार ठेवता आली असती, आयुष्यभर. रोज दुपारी येऊन बोलत बसता आलं असतं. खोकला ऐकत. मनकर्णेला याचाही मोह झाला नाही असं नाही.

७

पोळ्याच्या आदल्या दिवशी पेशंट लवकर संपले. बाजाराला जायची घाई सगळ्यांना होती. बाहेरची खोली रिकामी झाली. आत डॉक्टर एकटे होते. खुर्ची कुरकुरत होती, पेन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. भगवानराव दुपारच्या बसने येणार होता, शेवटचं विचारायला. चंपतराव औषधाच्या खिडकीत उभे होते आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला होता, कारण खिडकीखालच्या टोकाला चाललेली घरघर आता कोणालाही ऐकू आली असती.

मनकर्णेने हातातलं फडकं बादलीत टाकलं. पदर डोक्यावरून घेतला. कंपाउंडर जिथे उभा राहून नाव पुकारतो तिथे, केबिनच्या दारापाशी जाऊन ती उभी राहिली.

"डोमाजी," ती म्हणाली.

आवाज फार लहान निघाला. तिने पुन्हा म्हटलं, जसं चंपतराव म्हणत तसं, नाव आणि गावासकट, सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं.

घरघर थांबली.

मग बाकाची फळी वाजली. वजन उतरलं की लाकूड जसं वाजतं तसं. चंपतरावांनी तोंड भिंतीकडे केलं. मनकर्णेने केलं नाही, पण मानही वर केली नाही. ती खाली बघत राहिली आणि तिच्या पुढून, हातभर अंतरावरून, दमलेल्या माणसाच्या अंगाचा तापलेला वास गेला. केबिनच्या दाराला अर्धाच पडदा होता. तो हलला. पडद्याखाली क्षणभर तिला दोन टाचा दिसल्या. भेगाळलेल्या, चिखलाने काळ्या पडलेल्या. त्या तिने ओळखल्या.

"अजून आहे का कोणी?" आतून डॉक्टर वैतागून म्हणाले. मान वर न करताच म्हणाले असणार. ते पेशंटकडे आधी कधी बघतच नसत. "या. बसा इथे. काय होतंय?"

थोडा वेळ काही नाही.

"किती दिवसांपासून?"

पुन्हा काही नाही. स्टूल सरकल्याचा आवाज. तपासायची नळी गळ्यातून काढल्याचा.

मनकर्णा खिडकीखालच्या बाकापाशी गेली आणि ज्या जागेवर इतके दिवस कोणी बसलं नव्हतं, तिथे बसली. तिने फळीवर तळहात ठेवला. गारेगार होती.

"चंपतराव," ती म्हणाली. "भाऊजी बसमधून उतरतीन. त्याईले सांगा, तारीक काढा म्हनाव. आधी तेरवी करा."

चंपतरावांनी भिंतीकडे तोंड करूनच मान हलवली.

"मोठा श्वास घ्या," आत डॉक्टर म्हणत होते.

"श्वास घ्या."

मग थांबून, वेगळ्याच आवाजात, ज्या आवाजात त्यांना आजवर कोणी बोलताना ऐकलं नव्हतं, "अहो, श्वास घ्या ना."